एझेडएफसी डिलीशन आणि इक्सी: होणाऱ्या मुलाकडे नेमकं काय जातं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याचं वय ३२, बायकोचं २९, लग्नाला ५ वर्षं झाली. दोनदा केलेल्या वीर्य तपासणीत काउंट मिलीलीटरला ६ लाख आणि ४ लाख आला. रक्ताच्या रिपोर्टवर ‘वाय क्रोमोसोम मायक्रोडिलीशन: एझेडएफसी डिलीटेड’ असं लिहिलं आहे, म्हणजे वाय गुणसूत्रातला एझेडएफसी नावाचा तुकडा गहाळ आहे. डॉक्टरांनी इक्सी, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत, सुचवली आहे. मुलगा झाला तर त्यालाही हेच भोगावं लागेल का, आणि पीजीटी, म्हणजे गर्भाशयात सोडण्याआधी गर्भाची जनुकीय तपासणी, करून ‘चांगला’ गर्भ निवडता येईल का, हे दोघांना जाणून घ्यायचं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. मुलगा झाला तर हे डिलीशन त्याच्याकडे जाणारच. इथे टक्केवारीला वाव नाही. मुलगी झाली तर तिच्याकडे जाणार नाही, आणि तिच्यामार्फत नातवाकडेही जाणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. या दोन उत्तरांमागचं कारण समजलं की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

आपल्या २३ जोड्यांपैकी २२ जोड्यांत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. एका प्रतीत बिघाड असेल तर मुलाला बिघडलेली मिळेल की चांगली, हे निम्म्या-निम्म्या संधीवर ठरतं. वाय गुणसूत्राची मात्र पुरुषाकडे एकच प्रत असते. मुलगा होतो तोच मुळी ही प्रत मिळाल्यामुळे, आणि ती बापाकडे असेल तशीच मिळते. तिच्यात तुकडा गहाळ असेल तर तो मुलाच्या प्रतीतही गहाळच राहणार. आईकडून त्याची भरपाई होऊ शकत नाही, कारण आईकडे वाय नसतंच.

वायच्या लांब भुजेवर शुक्राणूनिर्मितीसाठी लागणारे तीन टापू आहेत: एझेडएफए, एझेडएफबी आणि एझेडएफसी. पूर्ण एझेडएफसी डिलीशनमध्ये सुमारे ३५ लाख अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या बेस-जोड्यांचा, तुकडा जातो. त्यासोबत डॅझ नावाच्या जनुकाच्या चारही प्रती जातात. हा तुकडा जाण्याचं कारण वायच्या रचनेतच आहे. या टापूच्या दोन टोकांना जवळजवळ सारखेच मजकूर आहेत. वहीची दोन पानं अक्षरशः सारखी असली की उतरवून घेणारा पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर जातो आणि मधली पानं सुटतात, तसं इथे घडतं. ही चूक बहुतेक वेळा तुमच्या वडिलांच्या वृषणात, तुम्ही ज्यापासून जन्मलात तो शुक्राणू तयार होताना झालेली असते. त्यामुळे वडिलांचं वाय सहसा अखंड असतं आणि भावांचंही. साधारण ४,००० पुरुषांत एकाला हे डिलीशन असतं. घराण्याचा दोष, कुणाचं पाप, लहानपणीचा गालगुंड, घट्ट कपडे किंवा मोबाइल यांचा याच्याशी काही संबंध नाही. घरात बायकोकडे बोट दाखवलं जात असेल तर ते आजच थांबवा. रिपोर्ट तुमच्या नावाचा आहे आणि त्यात तुमचीही काही चूक नाही.

आता तो रिपोर्ट. इक्सीची तारीख घेण्याआधी तो नीट वाचून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ही चाचणी पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याच्या पद्धतीने, होते. जांभळ्या बुचाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त घेतात आणि त्यातल्या डीएनएवर ठरावीक खुणा शोधतात. एझेडएफएसाठी एसवाय८४ आणि एसवाय८६, एझेडएफबीसाठी एसवाय१२७ आणि एसवाय१३४, एझेडएफसीसाठी एसवाय२५४ आणि एसवाय२५५. सोबत एसआरवाय आणि झेडएफवाय या दोन खुणा असतात. त्या दिसल्या नाहीत तर चाचणीच फसली असं समजायचं. जेलवर प्रत्येक खुणेचा एक पट्टा उमटतो आणि तुकडा गहाळ असेल तिथे पट्टा उमटत नाही. घोटाळा इथेच होतो, कारण पट्टा न दिसण्याचं कारण डिलीशन असू शकतं तसंच खराब डीएनए किंवा बिघडलेलं रसायनही असू शकतं. म्हणून चांगली लॅब प्रत्येक वेळी तीन नमुने शेजारी चालवते: निरोगी पुरुषाचा डीएनए, स्त्रीचा डीएनए आणि नुसतं पाणी. शिवाय डिलीशन सापडलं की ती चाचणी पुन्हा करून पडताळते.

तुमच्या रिपोर्टमध्ये एसवाय२५४ आणि एसवाय२५५ दोन्ही ‘ॲबसेंट’ आहेत का, ते बघा. या दोन्ही खुणा डॅझ जनुकाच्याच आत आहेत. त्यामुळे एक आहे आणि एक नाही, असं खऱ्या डिलीशनमध्ये होत नाही. तसा रिपोर्ट असेल तर तो तांत्रिक चुकीचा समजून चाचणी पुन्हा करून घ्यावी. दोन्ही नसतील तर लॅबला एसवाय१६० ही आणखी एक खूण बघायला सांगा. ती असेल तर मधलाच तुकडा गेला आहे, म्हणजे नेहमीचं एझेडएफसी डिलीशन. ती नसेल तर वायचं टोकच तुटलेलं असू शकतं, आणि मग कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघणारी चाचणी, अधिकच महत्त्वाचा ठरतो. आणखी एक: ‘पार्शल एझेडएफसी’ किंवा ‘जीआर/जीआर डिलीशन’ असा रिपोर्ट असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. तो सुमारे १६ लाख अक्षरांचा लहान तुकडा असतो आणि मूलबाळ असलेल्या पुरुषांतही सापडतो. तेवढ्यावरून वंध्यत्वाचं निदान होत नाही. तो रिपोर्ट हातात घेऊन हवालदिल होऊ नका.

कॅरिओटाइप केल्याचा उल्लेख प्रश्नात नाही. तो केल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही वेगळी चाचणी आहे. हिच्यासाठी हिरव्या बुचाची हेपॅरिनची नळी लागते, पेशी सुमारे ७२ तास वाढवाव्या लागतात आणि मग गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. डिलीशन असलेलं वाय कधी कधी पेशीविभाजनात टिकत नाही. मग काही पेशी ‘४५, एक्स’ अशा राहतात, म्हणजे त्यांच्यात वाय नसतंच. हे प्रमाण मोठं असेल तर वाय हरवलेल्या शुक्राणूपासून ‘४५, एक्स’ गर्भ तयार होण्याचा धोका उरतो. असे बहुतेक गर्भ पडतात आणि जगलेल्या मुलीला टर्नर सिंड्रोम, म्हणजे दुसरं एक्स नसल्याने होणारा जन्मजात विकार, असतं. लॅबला किमान २०-३० पेशी मोजायला सांगा, आणि ‘४५, एक्स’ दिसल्या तर आणखी. बायकोचाही कॅरिओटाइप याच वेळी करून घ्यावा. इक्सीच्या एका आवर्तनापुढे या चाचण्यांचा खर्च किरकोळ आहे. तो वाचवण्यात शहाणपण नाही.

इटलीतल्या टिएपोलो आणि झुफार्डी यांनी १९७६ मध्ये शुक्राणू नसलेल्या ६ पुरुषांत वायच्या लांब भुजेचं टोक गहाळ असल्याचं सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तीन टापूंचा नकाशा १९९६ मध्ये आला. पण त्याआधीच, १९९२ मध्ये, ब्रसेल्समध्ये इक्सीने पहिली मुलं जन्माला आली होती. म्हणजे तंत्र आधी आलं आणि नकाशा मागून. मधल्या काळात जगभर अनेक जोडप्यांनी काय पुढे जातंय हे न कळताच इक्सी करून घेतली. एझेडएफसी डिलीशन असलेल्या बापांना इक्सीने झालेल्या मुलांमध्ये तेच डिलीशन सापडल्याचं १९९९ पर्यंत नोंदलं गेलं होतं. आज चाचणी हाताशी असताना ती न करता कुणी पुढे जाऊ नये.

इक्सीत नेमकं काय घडतं ते एकदा जवळून बघू. मिलीलीटरला ५ लाख शुक्राणू असले तर नैसर्गिकरीत्या बीजापर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी, म्हणजे निसर्ग तिथे थांबतो. इक्सीत एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे लॅबमधला गर्भतज्ज्ञ, दाट द्रवाच्या थेंबात सोडलेल्या शुक्राणूंतून एक निवडतो, काचेच्या सुईने त्याची शेपटी दाबून त्याला निश्चल करतो आणि शेपटीकडून सुईत ओढतो. स्त्रीबीज दुसऱ्या पिपेटने धरलेलं असतं. त्याचा छोटा ध्रुवपिंड, म्हणजे बीजाने विभाजनात बाहेर टाकलेली लहान पेशी, घड्याळाच्या १२ किंवा ६ च्या जागी ठेवतात आणि सुई ३ च्या बाजूने आत जाते, म्हणजे बीजाच्या विभाजनाच्या तंतूंना धक्का लागत नाही. निवड होते ती आकार आणि हालचाल बघून. डोकं अंडाकृती आहे का, मान सरळ आहे का, शेपटी हलते का. त्या डोक्यात दाबून भरलेल्या डीएनएमधला ३५ लाख अक्षरांचा खड्डा ४०० पट मोठा करूनही दिसत नाही. दिसला असता तरी उपयोग नव्हता, कारण तुमच्या वाय असलेल्या प्रत्येक शुक्राणूत तो आहे. इक्सी शुक्राणूला बीजाच्या आत नेते. त्याच्यात काही दुरुस्त करत नाही.

म्हणूनच पीजीटीचा इथे उपयोग नाही. पाचव्या दिवसाच्या गर्भाच्या बाहेरच्या थरातून पाच-सात पेशी काढून गुणसूत्रं किंवा ठरावीक जनुक तपासता येतं, हे खरं. पण निवड करायची तर गर्भांमध्ये फरक हवा. तुमच्या सगळ्या मुलगा-गर्भांत डिलीशन असणार आणि सगळ्या मुलगी-गर्भांत नसणार. त्यामुळे ‘डिलीशन नसलेला गर्भ निवडा’ याचा अर्थ ‘मुलगी निवडा’ एवढाच होतो. परदेशातल्या वैद्यकीय चर्चेत हा पर्याय वाचायला मिळतो. भारतात गर्भलिंगनिवड गुन्हा आहे, गर्भ राहण्याआधीची आणि नंतरचीही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानेही गर्भाची जनुकीय तपासणी फक्त आनुवंशिक आजार शोधण्यापुरती ठेवली आहे आणि लिंगनिवड वेगळी निषिद्ध केली आहे. १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी असा कायदा करणारं राज्य महाराष्ट्र होतं. इथे हा पर्याय कुणी सुचवला तर त्याच्यापासून लांब राहा. तुमचं वय आणि बायकोचं वय पाहता केवळ ‘जास्त खात्री’ म्हणून गुणसूत्र मोजणारी पीजीटी-ए घ्यायचीही सरसकट गरज नाही. कॅरिओटाइपमध्ये ‘४५, एक्स’ पेशींचं प्रमाण लक्षणीय असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती बोलायला हवी.

मग मुलाला प्रत्यक्षात काय होईल? त्याची वाढ, बुद्धी, आवाज फुटणं, दाढी-मिशा, लैंगिक क्षमता यांवर या डिलीशनमुळे परिणाम अपेक्षित नाही. एझेडएफसीमधली जनुकं मुख्यतः वृषणातल्या शुक्राणूनिर्मितीचं काम करतात. पुरुषी संप्रेरक दुसऱ्याच पेशी बनवतात. वयात आल्यावर त्याचा काउंट कमी असेल किंवा शून्य असेल. बापाइतकाच येईल असं नाही. एकाच डिलीशनवर एका पुरुषात मिलीलीटरला लाखांत शुक्राणू असतात, दुसऱ्यात निल. मुलाचं आपल्याहून बरं निघेल हे गृहीत धरू नका. आपल्याइतकं किंवा त्याहून कमी धरून योजना करा. त्याला मूल हवं असेल तेव्हा त्यालाही बहुधा इक्सी लागेल, आणि त्याच्या मुलालाही हाच तुकडा नसलेलं वाय मिळेल.

‘मग अशा रुग्णांनी इक्सी करूच नये, समाजात वंध्यत्व पसरेल’ हे मत मला पटत नाही. साधा हिशोब करा. एझेडएफसी डिलीशन आजवर पुढच्या पिढीत फारसं जात नव्हतं, तरी ४,००० पुरुषांत एकाला असतं, कारण ते दर पिढीत नव्याने घडतं. असा प्रत्येक पुरुष इक्सीने सरासरी एका मुलग्याचा बाप झाला असं धरलं तरी पुढच्या पिढीत प्रमाण ४,००० मागे दोन होईल, त्यानंतर तीन. प्रत्यक्षात सगळे उपचार घेत नाहीत, घेतलेल्यांना सगळ्यांना यश येत नाही आणि झालेल्या मुलांत निम्म्या मुली असतात, त्यामुळे वाढ याहूनही मंद. समाजावर याचं ओझं येणार नाही. प्रश्न एका घराचा आहे: जे दुःख तुम्ही पाच वर्षं सोसलं ते तुमच्या मुलाच्या वाट्याला येऊ शकतं, आणि ते तुम्हाला आधीच माहीत आहे. ते स्वीकारायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. दुसऱ्या कुणी नाही, डॉक्टरांनीही नाही.

इक्सी करायची ठरवलीत तर काही व्यवहाराच्या गोष्टी. एझेडएफसी डिलीशनमध्ये काही पुरुषांचा काउंट वर्षागणिक घटत जाऊन शून्यावर गेल्याचं आढळलं आहे. म्हणून सगळ्यात आधी वीर्य गोठवून ठेवा. दोन ते सात दिवसांचं अंतर राखून दोन किंवा तीन वेगवेगळ्या दिवशी नमुने द्या आणि प्रत्येक नमुना अनेक छोट्या नळ्यांत वाटून ठेवायला सांगा. एकच मोठी नळी असेल तर ती एकदा वितळवली की सगळं संपतं. बायकोची बीजं काढण्याच्या दिवशी ताजा नमुना निल निघाला तर या नळ्या वाचवतात. त्या दिवशी नमुना निल, गोठवलेलं काही नाही आणि बीजं तयार, ही वेळ कुणावर येऊ नये. दहा-बारा दिवस इंजेक्शनं बायको घेते, भूल तिला देतात. तिच्या या त्रासाचं मोल करायचं तर ही तयारी आधी हवी. काउंट पुढे शून्य झाला तरी सगळं संपत नाही. एझेडएफसी डिलीशन असलेल्या पण वीर्यात शुक्राणू नसलेल्या पुरुषांत मायक्रो-टेसे शस्त्रक्रियेने वृषणातून शुक्राणू मिळण्याची संधी साधारण निम्मी असते.

टाळायच्या गोष्टीही आहेत. शुक्राणू वाढवण्याच्या गोळ्या, अँटिऑक्सिडंट, महिनोन्‌महिने एफएसएच या शुक्राणूनिर्मितीला चालना देणाऱ्या संप्रेरकाची इंजेक्शनं यांनी गहाळ जनुकं परत येत नाहीत. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, असेल आणि कुणी ऑपरेशन सुचवत असेल तर डिलीशनचा रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा. या परिस्थितीत ऑपरेशनने काउंट सुधारण्याची अपेक्षा नसते. उलट बायकोचं वय हीच तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. ती २९ वर्षांची आहे, बीजांची संख्या आणि दर्जा या वयात चांगला असतो, आणि गर्भ राहण्याची शक्यता तुमच्या डिलीशनपेक्षा त्यावर जास्त ठरते. गोळ्यांमध्ये दोन वर्षं घालवलीत तर नुकसान तिथे होईल.

इतर जोडप्यांनी हे वाचून आपल्यालाही हेच लागू आहे असं समजू नये. पुरुषाच्या वंध्यत्वाचं कारण बदललं की ‘मुलाकडे काय जाईल’ याचं उत्तरही बदलतं.

पूर्ण एझेडएफए किंवा एझेडएफबी डिलीशनमध्ये वारशाचा प्रश्नच येत नाही, कारण वृषणातही शुक्राणू मिळत नाहीत. एकात शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशीच नसतात, दुसऱ्यात बनण्याचं काम मध्येच थांबतं. अशा वेळी मायक्रो-टेसे करू नये. रिपोर्ट न बघता शस्त्रक्रिया करून निराशा पदरी पडलेली जोडपी आहेत, आणि ती निराशा काही मिली रक्ताच्या चाचणीने टळली असती.

क्लाइनफेल्टर सिंड्रोमबद्दल, म्हणजे ‘४७, एक्सएक्सवाय’बद्दल, लोकांच्या मनात उलटी भीती असते. साधारण ६०० मुलग्यांत एकाला हे असतं. वृषणं लहान आणि टणक, वीर्यात शुक्राणू शून्य. पण मायक्रो-टेसेने ४० ते ५० टक्के पुरुषांत शुक्राणू मिळतात आणि त्यांच्यापासून झालेल्या बहुतेक मुलांची गुणसूत्रं सामान्य असतात. वृषणात जिथे कुठे शुक्राणू बनतात तिथल्या पेशींनी जास्तीचं एक्स बहुधा टाकून दिलेलं असतं. म्हणजे रिपोर्ट एझेडएफसीपेक्षा भीतिदायक दिसतो, पण वारशाच्या बाजूने हलका आहे.

सगळ्यात जास्त सावधगिरी लागते ती शुक्रवाहिनी जन्मतः नसलेल्या पुरुषांत. वीर्य दीड मिलीपेक्षा कमी, सामू आम्ल, फ्रुक्टोज नाही, शुक्राणू निल. पण वृषणांचा आकार आणि एफएसएच सामान्य. तपासताना अंडकोषात बोटांना शुक्रवाहिनीची दोरी लागतच नाही. या पुरुषांत शुक्राणू बनतात भरपूर, फक्त बाहेर यायचा रस्ता नसतो. सुईने काढता येतात, इक्सी यशस्वी होते, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. यातल्या बऱ्याच जणांत सीएफटीआर जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात: एक जास्त, एक कमी. हेच जनुक सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुस आणि स्वादुपिंडाच्या गंभीर आजाराचं. बायकोकडे याच जनुकाची एक गंभीर बिघडलेली प्रत असेल तर प्रत्येक मुलाला सिस्टिक फायब्रोसिस होण्याची शक्यता २५ टक्के, आणि आणखी २५ टक्के मुलांत बापासारखी जोडी जमते. इथे प्रश्न मूल होण्याच्या क्षमतेच्या पुढे जातो, मुलाच्या आयुष्याचा होतो. बायकोची सीएफटीआर तपासणी इक्सीआधीच हवी, आणि तीही फक्त एफ५०८डेल या एका बदलापुरती नाही. युरोपात तो बदल सर्वाधिक आढळतो. भारतात त्याचा वाटा कमी आहे, म्हणून पूर्ण जनुक वाचावं लागतं, त्यातल्या ५टी नावाच्या सौम्य बदलासह. दोघांतही बिघाड निघाला तर इथे पीजीटी खरोखर कामाची, कारण इथे गर्भागर्भांत फरक असतो. सोनोग्राफीत एक मूत्रपिंड नसल्याचं दिसलं तर मात्र कारण बहुधा वेगळं असतं, सीएफटीआर नव्हे.

गुणसूत्रांची अदलाबदल असेल, उदाहरणार्थ १३ आणि १४ क्रमांकाची गुणसूत्रं एकमेकांना जोडलेली, तर बापाची तब्येत ठणठणीत असते, काउंट कमी असतो आणि काही गर्भ असंतुलित होतात. १४ आणि २१ ची जोड आईत असेल तर डाउन सिंड्रोमचा धोका १० ते १५ टक्के. बापात असेल तर तो एक टक्क्याच्या आसपास राहतो. संतुलित जोड घेऊन जन्मलेला मुलगा पुढे बापासारखाच वाहक. इथेही गर्भ तपासून निवडता येतो.

काही दोष अप्रभावी असतात, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच दिसतात. शुक्राणूचं डोकं गोल असणं आणि त्याला बीज जागं करता न येणं, हा त्यातला एक. बऱ्याचदा डीपीवाय१९एल२ हे जनुक दोन्ही प्रतींतून गायब असतं. इक्सीबरोबर कॅल्शियम आयनोफोर हे रसायन वापरून बीज जागं करावं लागतं. झालेली मुलं नुसती वाहक असतात, वंध्य नसतात. पण बायको मामाची मुलगी असेल तर हिशोब बदलतो. आपल्याकडे अनेक घरांत मामाच्या मुलीशी लग्न चालत आलं आहे, आणि सख्ख्या मामे-आते भावंडांत आठव्या हिश्शाची जनुकं समान असतात. अशा जोडप्याने बायकोचीही त्याच जनुकाची तपासणी करून घ्यावी. नात्यातलं लग्न आहे हे सल्लागाराला आपणहून सांगा. विचारायचं राहून जातं, आणि सांगायचा संकोचही वाटतो.

एक्स गुणसूत्रावरच्या टेक्स११ सारख्या जनुकाचा दोष याहून लपून जातो. बापाचं एक्स मुलाकडे जातच नाही, म्हणून मुलगा सुटतो. प्रत्येक मुलगी वाहक होते, तिला काही त्रास होत नाही, आणि तिच्या मुलग्यांपैकी निम्म्यांच्या वाट्याला शून्य काउंट येतो. तोवर तीस-चाळीस वर्षं उलटलेली असतात आणि आजोबांचा रिपोर्ट कुठे असतो कुणाला ठाऊक नसतं.

आणि ज्यांच्या सगळ्या चाचण्या सामान्य येतात, त्यांचं काय? काउंट कमी असलेल्या बहुतेकांत ठोस कारण सापडत नाही. ब्रसेल्सच्याच केंद्राने इक्सीने जन्मलेल्या ५४ तरुणांची वीर्य तपासणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांचं वय १८ ते २२ होतं. या तरुणांत काउंटचा मध्यक (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) मिलीलीटरला १ कोटी ७७ लाख निघाला. नैसर्गिक गर्भधारणेतून जन्मलेल्या ५७ तरुणांत तो ३ कोटी ७० लाख होता. म्हणजे कमी, पण शून्य नव्हे, आणि बापाच्या काउंटवरून मुलाचा अंदाज बांधता येईल इतका जवळचा संबंधही दिसला नाही. ‘रिपोर्ट सामान्य, म्हणजे पुढे काहीच जाणार नाही’ असं सांगता येत नाही. ‘नक्की जाईल’ असंही नाही.

पुन्हा तुमच्याकडे येतो. इक्सी नको वाटली तर दात्याच्या शुक्राणूंचा मार्ग आहे. त्यात डिलीशनचा प्रश्न मिटतो आणि बायकोचं वय व गर्भनलिका ठीक असतील तर साधं आययूआय, म्हणजे गर्भाशयात शुक्राणू सोडणं, हेही पुरतं. कायद्याने शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच यावे लागतात, दात्याची ओळख गुप्त राहते आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. भावाचे किंवा मित्राचे शुक्राणू वापरू असं घरी कुणी म्हणालं तर ते या चौकटीत बसत नाही. दत्तक हाही मार्ग आहे. या तिन्हींत वरचा-खालचा असं काही नाही. दोघांनी वेगवेगळं बसून विचार करा, मग एकत्र बोला. घरच्यांना निर्णय झाल्यावर सांगा, आधी नको.

इक्सीने मुलगा झाला तर लहानपणी त्याची कोणतीही जनुकीय चाचणी करू नका. उत्तर आधीच माहीत आहे, आणि त्यावर त्या वयात करण्यासारखं काही नाही. तुमचे रिपोर्ट जपून ठेवा: मायक्रोडिलीशन, कॅरिओटाइप आणि वीर्य तपासण्यांच्या तारखा. कागद आणि स्कॅन, दोन्ही. वृषण अंडकोषात न उतरणं हा त्रास इतर मुलांसारखा त्यालाही असू शकतो. तसं असेल तर वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करून घ्यावं, कारण त्याच्याकडे आणखी गमावण्यासारखं फार नाही. चौदा-पंधराव्या वर्षी वयात येत असताना त्याला सोप्या शब्दांत सांगा की बाबांच्या शरीरात शुक्राणू कमी बनतात, तुझ्याही बनतील, आणि त्यावर उपाय आहे. ते स्थळ बघण्याच्या वेळेपर्यंत लांबवू नका. लग्न ठरलेल्या मुलीपासून ही गोष्ट लपवावी लागली तर त्रास दोघांना होतो. अठराव्या वर्षाच्या सुमारास, त्याची तयारी असेल तर, वीर्य तपासणी करावी. नमुना निल आला तर तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासायला सांगावा, कारण चार-दोन शुक्राणू साध्या तपासणीत निसटतात. सापडले तर त्याच आठवड्यात गोठवून ठेवावेत, छोट्या छोट्या नळ्यांत, तुमचे ठेवले तसे.